माझा सौदा मला दिसला पाहिजे



स्वाध्यायात सप्तव्यसनांचा विषय निघाला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. जुगार हे पहिलं व्यसन, मग शेअर बाजार जुगारात धरायचा की व्यापारात? या प्रश्नामागे प्रत्येकीचं काहीतरी असतं. कुणाचा मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि दिवसभर मोबाइलवर ऑप्शनचे भाव बघत बसतो. कुणाच्या नावाने डिमॅट खातं आहे, पण त्यात काय आहे ते तिला माहीत नाही. कुणाच्या सासऱ्यांची जुनी शेअर सर्टिफिकिटं अजून कपाटात पडून आहेत. मग दोन मतं पडतात. एकीचं म्हणणं, सरकारने हे सगळं बंद करून टाकावं. दुसरीचं म्हणणं, नियमच फार झालेत, सारखं केवायसी, सारखा ओटीपी, आपला पैसा आपण कुठेही लावू.

दोन्ही मतं मनापासून असतात. पण आज जे नियम कुणाला अपुरे आणि कुणाला जाचक वाटतात ते आले कुठून, हे आपण फारसं बोलत नाही. बी.कॉम.च्या पुस्तकांत हे कायदे नुसते कलमांसारखे पाठ केले होते. त्यांच्यामागची माणसं नंतरच्या वाचनात भेटली. त्या वाचनातून एक गोष्ट लक्षात आली. गेल्या दीडशे वर्षांत लहान गुंतवणूकदाराचं मागणं फारसं बदललेलं नाही. त्याला तीनच गोष्टी बघायच्या असतात. सौदा कोणत्या भावाने झाला, कधी झाला, आणि मी घेतलेली वस्तू आत्ता कुठे आहे. या तीन प्रश्नांची उत्तरं एकेक करून मिळत गेली, आणि बहुतेक वेळा आधी कुणाचं तरी घर बुडाल्यावर मिळाली. त्यात आपल्या नागपूरचंही एक पान आहे.

शेअरचा पहिला ज्वर

मुंबईच्या शेअर बाजाराचा पहिला मोठा नायक आपल्याच समाजातला. प्रेमचंद रायचंद, सुरतेच्या जैन कुटुंबात १८३१ मध्ये जन्मलेले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका आला की तो लावायचा कुठे हा प्रश्न पडला. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्रात भर घालून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० च्या वर गेला. लोक हातात पैसे नसताना पुढच्या तारखेचे वायदे करत होते. त्यातल्या असंख्य वायद्यांची तारीख होती १ जुलै १८६५.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलैला कुणाकडेच द्यायला पैसे नव्हते. कारकुनापासून शेठजींपर्यंत सगळे एका फटक्यात बुडाले. प्रेमचंदही बुडाले. बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण ठेवून वाटेल तशी कर्जं दिली होती, ती बँकही पुढे बंद पडली.

प्रेमचंदांचं नाव आपल्याला आठवतं ते राजाबाई टॉवरमुळे. त्यांनी दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचं नाव मिळालं. राजाबाईंना दिसत नव्हतं, आणि सूर्यास्ताआधी जेवण्याचा नियम पाळता यावा म्हणून टोल्यांची सोय झाली, अशी आख्यायिका आपल्याकडे आवडीने सांगतात. ती सांगताना मला मात्र १८६५ चे ते लहान गुंतवणूकदारही आठवतात. कंपनीचा पैसा कुठे लागतोय हे त्यांना कुणी सांगत नव्हतं. बँकेचे संचालक कुणाला कर्ज देत आहेत तेही कळायला मार्ग नव्हता. दिसत होता फक्त भाव, आणि तो रोज वर जात होता.

या पडझडीनंतर दलालांनी स्वतःची संघटना बांधली. ९ जुलै १८७५ ही तिची तारीख. नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन हे नाव, ३१८ सभासद, प्रवेश फी एक रुपया. हाच आजचा मुंबई शेअर बाजार. शिस्त आली हे खरं, पण ती दलालांनी दलालांसाठी घातलेली होती. ग्राहक उंबऱ्याच्या बाहेरच राहिला. १९२५ मध्ये मुंबई सरकारने रोखे व्यवहारांवर कायदा केला, १९५६ मध्ये देशभरासाठी कायदा झाला, तरी बाजाराचा रोजचा कारभार दलालांच्याच हातात होता.

रुमालाखालचा भाव

आपल्या भागात दुसऱ्या एका बाजारात हीच लढाई आधीच सुरू झाली होती. जुन्या मंडईत सौदा रुमालाखाली व्हायचा. दलाल आणि व्यापारी कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. शेतकरी शेजारी उभा, पण भाव त्याला शेवटी कळायचा. वजनातही काटा मारला जाई. उघडा भाव आणि खरं माप यासाठी नियमनाखाली आलेला देशातला पहिला बाजार म्हणून कापसाच्या ज्या बाजाराचं नाव घेतात, तो १८८६ मधला कारंज्याचा. होय, आपण दर्शनाला जातो तेच वाशीम जिल्ह्यातलं कारंजा. कापूस विकणाऱ्याने काटा बघायला मागितला, त्याचा पहिला नियम आपल्या विदर्भात झाला, ही आपल्याला अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे.

शेअर बाजाराला तिथवर यायला पुढची शंभर वर्षं लागली. १९७३ च्या परकीय चलन कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपले शेअर भारतीयांना विकावे लागले. त्यांचे भाव सरकार ठरवून देई, म्हणून ते स्वस्त मिळत. नोकरदार घरांत पहिल्यांदा शेअर आले ते बहुतेक तेव्हा. शिवाय १९७७ नंतर रिलायन्ससारख्या देशी कंपन्यांचे शेअर. तोवर सोनं, पोस्ट आणि एफडी यापलीकडे न गेलेल्या घरांत कंपनीचा वार्षिक अहवाल टपालाने येऊ लागला.

घेतलेला शेअर विकायचा झाला की अडचण कळे. मुंबईच्या रिंगणात दलाल ओरडून सौदे करत. आपला सौदा आपल्या गावचा दलाल मुंबईच्या दलालाला फोनवर सांगणार. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या शेअरचा दिवसातला सर्वात वरचा आणि सर्वात खालचा भाव छापून येई. गंमत अशी की आपण विकला तर भाव खालच्याजवळ लागायचा आणि घेतला तर वरच्याजवळ. मधला फरक कुणाच्या खिशात गेला हे विचारायची सोय नव्हती. दलाली वेगळी न दाखवता भावातच धरली जाई. पुढे सेबीने भाव आणि दलाली वेगवेगळी लिहायला लावली तेव्हा कुठे आकडे सुटे झाले.

त्यातून शेअर हाती आला तरी तो आपल्या नावावर व्हायला महिने लागत. सही जुळली नाही म्हणून परत, फॉर्मची मुदत संपली म्हणून परत. टपालात हरवलेली, चोरीची, बनावट सर्टिफिकिटं हा वेगळाच ताप. भाव, वेळ आणि वस्तू, तिन्ही रुमालाखाली.

१९९२: कागदावरचा कागद

सेबी हर्षद मेहता प्रकरणामुळे आली असं बऱ्याच जणी समजतात. तसं नाही. सेबीची स्थापना १२ एप्रिल १९८८ ची, पण तेव्हा तिच्या हातात कायद्याचं बळ नव्हतं. ३० जानेवारी १९९२ च्या वटहुकमाने ते आलं आणि एप्रिलच्या सुरुवातीला त्याचा कायदा झाला. २३ एप्रिल १९९२ ला पत्रकार सुचेता दलाल यांनी घोटाळा उघडकीला आणला, तेव्हा सेबीच्या कायद्याला महिनाही पुरता झाला नव्हता.

त्या घोटाळ्याचं मूळ शेअर बाजारात नव्हतं, ते बँकांच्या सरकारी रोख्यांच्या व्यवहारात होतं. एक बँक दुसरीला रोखे विकायची, पण रोखे लगेच द्यायच्या ऐवजी एक पावती द्यायची, की रोखे आमच्याकडे आहेत, नंतर देऊ. तिला बँक रिसीट, बीआर म्हणत. मधल्या दलालाच्या विश्वासावर काम चाले. मग रोखे नसतानाच पावत्या निघू लागल्या. त्या पावत्यांवर उचललेला बँकांचा पैसा शेअर बाजारात ओतला गेला आणि निर्देशांक ४,४६७ पर्यंत चढला. चौकशी समितीने धरलेला आकडा ४,००० कोटींच्या वर होता. वर्षभरात निर्देशांक निम्म्यावर आला. सगळ्यात जास्त भाजले ते शेवटी शेवटी आलेले लोक, शेजाऱ्याचं बघून पीएफमधून पैसे काढून शेअर घेतलेले.

त्यानंतरच्या दहा वर्षांत जेवढं बदललं तेवढं आधीच्या शंभर वर्षांत बदललं नव्हतं. ३ नोव्हेंबर १९९४ ला राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकाच्या पडद्यावर शेअरचे सौदे सुरू झाले. उपग्रहाने जोडलेले संगणक गावोगावी आले. नागपूरच्या माणसाला मुंबईचा भाव त्याच क्षणी दिसू लागला आणि कॉन्ट्रॅक्ट नोटवर सौद्याची वेळ छापून येऊ लागली. १८७५ पासून रिंगणात ओरडणारा मुंबई शेअर बाजारही १९९५ मध्ये पडद्यावर आला, कारण गिऱ्हाईक तिकडे जाऊ लागलं होतं. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा झाला आणि शेअर कागदावरून खात्यात आले. सर्टिफिकीट हरवणं, सही न जुळणं हे संपलं.

तरी २००१ मध्ये पुन्हा ठेच लागली. केतन पारेख प्रकरण झालं. अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक बुडाली. आपल्या पिढीच्या बायकांना जास्त आठवतं ते यूएस-६४. युनिट ट्रस्टची ही योजना म्हणजे सरकारी ठेवच, असं सगळे धरून चालत. लग्नाच्या मुलीच्या नावाने, विधवा नणंदेच्या नावाने युनिट घेतली जात. पण युनिटची खरी किंमत किती, म्हणजे ट्रस्टकडे असलेल्या शेअर-रोख्यांना युनिटच्या संख्येने भागलं तर काय येतं, हे जाहीर होतच नव्हतं. भाव वरून ठरवून सांगितला जाई. जुलै २००१ मध्ये एकाएकी सहा महिन्यांसाठी युनिटची खरेदी-विक्री थांबवली गेली. किंमत उघड झाली तेव्हा ती १० रुपयांच्या दर्शनी किमतीच्याही खाली होती. आज कोणत्याही म्युच्युअल फंडाचा भाव रोज संध्याकाळी जाहीर होतो. आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही, पण त्यामागे हे आहे.

त्याच महिन्यात बदला पद्धतही बंद झाली. म्हणजे व्याज देऊन सौदा पुढच्या हिशेबावर ढकलत राहायची जुनी सोय. एकेकाळी पंधरवड्याने होणारा हिशेब पुढे पाच दिवसांवर, मग तीन, मग दोन, आणि जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरसाठी एका दिवसावर आला. मधले दिवस जितके कमी, तितकी मधल्या माणसाला दुसऱ्याचा पैसा वापरायची संधी कमी.

२००२: नागपूरचं पान

आता आपल्या गावाकडे येते. २००० च्या सुमारास होम ट्रेड नावाच्या कंपनीच्या जाहिराती टीव्हीवर सारख्या लागत. सचिन तेंडुलकर, शाहरुख खान, हृतिक रोशन, तिघेही त्यात. कंपनी नेमकं करते काय हे जाहिरात बघून कळत नसे, पण नाव घरोघरी पोचलं होतं. ही कंपनी रोख्यांची दलाली करत होती.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने होम ट्रेड आणि आणखी काही दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोखे घ्यायला सव्वाशे कोटींहून अधिक रक्कम दिली. सरकारी रोख्यांइतकी सुरक्षित गुंतवणूक दुसरी नाही, हे आपणही म्हणतो. पैसे गेले, खरेदीचे कागद आले, रोखे मात्र आलेच नाहीत. एप्रिल २००२ मध्ये प्रकरण बाहेर आलं आणि नागपुरात गुन्हा नोंदला गेला. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकांची नावंही या कंपनीच्या व्यवहारांत आली, आणि जहाजावरच्या खलाशांच्या भविष्यनिर्वाह निधीचाही पैसा अडकला.

ही बँक कुणाची होती? काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक भागातल्या शेतकऱ्यांची, त्यांच्या सोसायट्यांची, पगार आणि पेन्शन जमा होणाऱ्या मास्तरांची. या माणसांनी शेअर घेतला नव्हता, रोखा घेतला नव्हता, बाजाराकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. तरी बाजारात पैसा त्यांचाच गेला. बाजारापासून दूर राहिलं की आपण सुरक्षित, असं समजणाऱ्या मैत्रिणींना मी हे मुद्दाम सांगते.

खटला एकवीस वर्षं चालला. २२ डिसेंबर २०२३ ला नागपूरच्या न्यायालयाने बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष आणि पुढे राज्याचे मंत्री झालेले सुनील केदार यांच्यासह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा दिली. काहींची सुटका झाली. केदार यांची आमदारकी गेली. त्यांनी अपील केलं आणि जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना जामीन दिला. कायद्याचं जे व्हायचं ते कायदा करील. पण २००२ मध्ये ज्या शेतकऱ्याची ठेव अडकली, त्याचा नातू या निकालाच्या वेळी कमावता झाला होता.

१९९२ आणि २००२ ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघा. दोन्हींत सरकारी रोखे. दोन्हींत मधला दलाल. दोन्हींत वस्तूच्या ऐवजी कागद. शेअरसाठी तोवर डिमॅट आलं होतं, पण सरकारी रोख्यांचे व्यवहार अजूनही कागदावर करता येत होते, आणि भगदाड तिथेच पडलं. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने बँकांना सरकारी रोखे खात्याच्या नोंदीनेच ठेवण्याची सक्ती केली. नोव्हेंबर २०२१ पासून तर तुम्हाआम्हाला रिझर्व्ह बँकेकडे थेट खातं उघडून सरकारी रोखे घेता येतात, मध्ये दलाल नाहीच. २००२ मध्ये एका जिल्हा बँकेच्या खातेदारांना जे दिसू शकलं नाही, ते आज एखादी गृहिणी मोबाइलवर बघू शकते.

नाव माझं, सौदा कुणाचा?

आता आपल्या घरातली गोष्ट. २००५ च्या सुमारास नव्या शेअर विक्रीत लहान गुंतवणूकदारांसाठी राखलेला वाटा काही मंडळींनी हजारो खोट्या नावांची डिमॅट खाती उघडून लाटला. सेबीने २००५-०६ मध्ये ते उघड केलं. अर्ज खऱ्या माणसांनीही भरले होते, पण त्यांच्या वाट्याला काही आलं नाही. डिमॅट खात्याला पॅन लागतो, आणि अर्जाचे पैसे शेअर मिळेपर्यंत आपल्याच बँकेत अडकून राहतात, दुसऱ्याकडे जात नाहीत, ही शिस्त त्यानंतरची.

२०१९ मध्ये कार्वी या मोठ्या ब्रोकर कंपनीचं प्रकरण झालं. ग्राहकांनी खातं उघडताना सही केलेल्या मुखत्यारपत्राच्या आधाराने त्यांचेच शेअर गहाण टाकून कर्ज काढलं गेलं होतं. ९५,००० च्या आसपास ग्राहक आणि सुमारे २,३०० कोटींचे शेअर. बहुतेकांचे शेअर परत खात्यात आले, कारण कोणता शेअर कुणाचा याची नोंद डिपॉझिटरीत होती. हा त्या १९९६ च्या कायद्याचा उपकार. पण आपले शेअर गहाण पडलेत हे त्या ९५,००० पैकी किती जणांना आधी माहीत होतं? आज गहाण ठेवण्याआधी जो ओटीपी येतो, ज्याचा आपल्याला कंटाळा येतो, तो या प्रकरणानंतर आला.

आणि तो ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, हा माझा तुम्हाला प्रश्न आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या नावाने खाती आहेत आणि चालवतात मुलगा, जावई नाहीतर दीर. कुटुंबातल्या दुसऱ्याचा नंबर देण्याची नियमाने मुभाही आहे. घरातल्यांवर संशय घ्या असं मी म्हणत नाही. पण कायद्याने ज्या खात्याची मालकीण तुम्ही, त्यातला सौदा तुम्हाला दिसला पाहिजे.

इथे मला तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आठवतो. पर्युषणात आपण तो ऐकतो. सत्याणुव्रताच्या अतिचारांत मिथ्योपदेश आहे, म्हणजे खोटा सल्ला. आजच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या टिपा यात बसतात. कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा कागद. १९९२ च्या पावत्या आठवा. अचौर्याणुव्रतात खोटं माप आहे आणि राज्याचा नियम मोडणंही आहे. पण मला सगळ्यात विचार करायला लावतो तो न्यासापहार. त्याचा अर्थ असा सांगतात, की ठेव ठेवणारा रक्कम विसरला आणि त्याने कमी मागितली, तर "हो, तेवढीच होती" म्हणून बाकीची ठेवून घेणं. दोष ठेवून घेणाऱ्याचाच. पण त्याला संधी मिळाली ती ठेवणारा विसरला म्हणून. आचार्य उमास्वामींनी सेबी पाहिली नव्हती, माणूस मात्र पुरता ओळखला होता.

सगळं दिसतंय, तरी

मग सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते, जुगार की व्यापार?

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास जाहीर केला. एप्रिल २०२२ च्या आधीचं वर्ष धरून तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. हे सौदे रुमालाखाली झाले नाहीत. प्रत्येकाचा भाव, वेळ, नोंद, सगळं पडद्यावर आहे. तरी पैसा गेला. म्हणजे पारदर्शकतेने लबाडी थांबते, लोभ थांबत नाही. १ जुलै १८६५ ला बुडालेल्यांचे वायदे आणि आजच्या मुलांचे दर आठवड्याला संपणारे ऑप्शन यांत फार अंतर नाही. खिशात नसलेल्या पैशाने पुढच्या तारखेवर लावलेली पैज, एवढंच ते. त्याला मी जुगारच म्हणेन. कंपनी काय करते ते बघून, हिंसेचा धंदा नाही ना हे बघून, आपल्या बचतीतून घेतलेला आणि सांभाळलेला शेअर हा व्यापारातला वाटा आहे. परिग्रहाचं परिमाण मात्र तिथेही हवंच.

सगळं बंद करा म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी एवढंच सांगेन, की नागपूरच्या शेतकऱ्याने बाजाराचं दार कधी उघडलंच नव्हतं, तरी त्याचा पैसा गेला. दार लावून घेण्यापेक्षा दिवा लावणं बरं. आणि नियम जाचतात म्हणणारीला सांगेन, की प्रत्येक नियमाखाली कुणाच्या तरी बुडालेल्या ठेवीची पावती आहे. नियमांनी सगळं झालं असं मात्र नाही. फसवणूक थांबवण्यापेक्षा ती झाल्यावर नियम करण्यात आपली व्यवस्था अजूनही जास्त तरबेज आहे, आणि एकवीस वर्षांनी येणारा निकाल हा ठेवीदाराला न्याय वाटत नाही. हे लहान गुंतवणूकदारांनी बोलत राहिलं पाहिजे. सेबी नवा नियम करण्याआधी त्याचा मसुदा लोकांसमोर ठेवते आणि सूचना मागवते. तिथे दलालांच्या संघटना लिहितात, कंपन्या लिहितात. बी.कॉम. झालेल्या आपणही दोन ओळी लिहू शकतो.

आणि तोवर हाताशी असलेलं तरी वापरू या. खात्यात स्वतःचा मोबाइल आणि ईमेल घाला. सौदा झाला की कॉन्ट्रॅक्ट नोट येते, तीत भाव, वेळ आणि दलाली वेगवेगळी बघा. सौदा खरंच झाला का हे शेअर बाजाराच्या वेबसाइटवर सौद्याचा नंबर टाकून तपासता येतं. डिपॉझिटरीकडून सगळ्या शेअर-फंडांचं एकत्रित विवरण ईमेलवर येतं, ते उघडून "गहाण" या रकान्यात काही आहे का ते वाचा. वारसाचं नाव लावा. तक्रार असेल तर आधी कंपनीकडे, मग सेबीच्या स्कोअर्सवर लेखी करा. हे काम महिन्यातून अर्ध्या तासाचं आहे.

पाणी गाळल्याशिवाय आपण पीत नाही. धान्य निवडल्याशिवाय दळायला देत नाही. दुकानदार ओळखीचा आहे म्हणून कुणी गव्हातले खडे वेचायचं सोडत नाही, आणि त्यात त्याचा अपमान झाला असंही त्याला वाटत नाही. तीच नजर या कागदांवरून फिरवायची आहे. या चतुर्दशीनंतर सवड काढून आपापल्या नावाचं विवरण एकदा उघडा. काही कळलं नाही तर खाली लिहा, किंवा रविवारी मंदिरात भेटा. जमेल तेवढं मिळून बघू.

जय जिनेंद्र.